सुईण ते सिस्टर : एका वाटेचा इतिहास



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असे विहाराच्या मंडळाने सांगितले. चळवळीतील पुढाऱ्यांवर आणि सत्याग्रहांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ते माझ्यापेक्षा जास्त शिकलेले आहेत. मी सूतगिरणीत पाळी करणारा माणूस. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून वाचले. म्हणून मी असा विषय घेतला आहे की जो आपल्या घराघरांत आहे, पण ज्याचा इतिहास आपण कधी एकत्र मांडलेला नाही. तो विषय म्हणजे सुईणीचे आणि नर्सचे शिक्षण.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आपल्या गल्लीतले आईबाप विचारायला येतात, "पोरीला नर्सिंगला घालावं म्हणतोय. कसं करायचं?" त्याच दिवसांत रंगीत पत्रके वाटणारे एजंटही दारात येतात. कोणती वाट खरी आणि कोणती फसवी हे कळायचे असेल तर ही वाट मुळात कशी तयार झाली, ती कोणाला उघडी होती आणि कोणाला बंद होती, हे माहीत असले पाहिजे. तेवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

विटाळ त्यांचा, काम आपले

जुन्या गावगाड्यात बाळंतपण हे विटाळाचे काम मानले जाई. रक्ताचा विटाळ, नाळेचा विटाळ, वारेचा विटाळ. बाळंतिणीच्या खोलीत घरची माणसेसुद्धा दहा दिवस जपून वावरायची. मग त्या घटकेला आत जाऊन मूल मोकळे करणार कोण? इंग्रजांच्या काळातील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये स्पष्ट नोंद आहे की मांग समाजाच्या स्त्रिया सुईणीचे काम करतात. कुठे महार स्त्रिया, कुठे न्हाव्याच्या घरच्या बाया हे काम करत. म्हणजे ज्या बाईची सावली एरवी अंगणात चालत नव्हती, तिलाच मध्यरात्री बोलावणे जायचे. मूल जन्मले, नाळ कापली, वार पुरली, बाळंतिणीला न्हाऊ घातले, की ती पुन्हा उंबऱ्याबाहेर.

माझी आजीही सुईणपण करायची. पोटावर हात ठेवून मूल आडवे आहे की पायाळू आहे, हे ती सांगायची. अक्षरओळख नाही, घड्याळ नाही. कळा किती वेळाने येतात यावरून ती वेळ ओळखायची. मजुरी काय? खण-नारळ, जुने लुगडे, आणि घरधन्याची मर्जी असली तर पायलीभर जोंधळे. ज्या घरात तिने तीन पिढ्यांची बाळंतपणे केली, त्या घरात तिला पाणी वरूनच वाढत.

आमच्या गिरणीत बदली कामगार वर्षानुवर्षे रिंगफ्रेम चालवतो. काम त्याला पक्के येते, पण हजेरीपटावर नाव नसेल तर त्याचा हक्क शून्य. सुईणीचे तसेच झाले. काम हातात होते, पण कोणत्याच हजेरीपटावर तिचे नाव चढले नाही. ही सगळी कथा त्या हजेरीपटाचीच आहे.

खरा विटाळ कशाचा?

पण आपण आपल्या आयाबायांचे नुसते कौतुक करून चालणार नाही. बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सा शिकवली आहे. जुन्या बाळंतपणात बायका मरत होत्या, पोरे मरत होती. विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने नाळ कापली जाई, तिच्यावर राख किंवा शेण लावले जाई, आणि आठवड्याच्या आत बाळाला धनुर्वात होई. लोक म्हणत सटवीने नेले. खरे तर त्या पात्यावरच्या आणि शेणातल्या जंतूंनी नेलेले असे.

ही गोष्ट आपल्याकडचीच होती असे समजू नका. युरोपातल्या व्हिएन्ना शहरात मोठे सरकारी इस्पितळ होते. तिथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. एका विभागात शिकाऊ डॉक्टर बाळंतपण करत, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी करत. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या बायका सुईणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त होत्या. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने याचा शोध घेतला. शिकाऊ डॉक्टर प्रेताची चिरफाड करून तसेच बाळंतिणीकडे येत होते. १८४७ साली त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. मोठमोठ्या डॉक्टरांना मात्र ते पटले नाही. आपले हात घाणेरडे असू शकतात हे त्यांना मानवेना.

यातून आपण काय घ्यायचे? विटाळ जातीत नसतो, न धुतलेल्या हातात असतो. मग तो हात डॉक्टरचा असो की सुईणीचा. आपल्या समाजाने हजारो वर्षे नको तो विटाळ पाळला आणि पाळायला हवी ती स्वच्छता पाळली नाही. म्हणून सुईणीच्या हाताला शास्त्राची जोड मिळणे गरजेचे होते. प्रश्न एवढाच होता की ते शास्त्र शिकण्याची संधी कोणाला मिळणार.

पहिल्या शाळा आणि त्यांचे उंबरठे

इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सेसची शाळा काढली. आपल्या देशात त्याच्याही आधी, १८५४ साली, मद्रासमध्ये सुईणींच्या शिक्षणाची सोय झाली होती.

महाराष्ट्रात मात्र पहिले नाव घ्यायचे ते सावित्रीबाई फुले यांचे. जोतिरावांनी आणि त्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे तिथे होत आणि त्यांची देखभाल सावित्रीबाई करत. १८९७ च्या प्लेगात त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून त्या दवाखान्यात आणले, असे सांगितले जाते. त्या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कोणत्याही नर्सिंग शाळेत न गेलेली ही आपली पहिली परिचारिका, असे मी मानतो.

मुंबईत १८८६ साली बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. १८९१ साली बाई काशीबाई गणपत नावाची स्त्री नर्सिंग शिकायला पुढे आली. शिक्षणासाठी आलेली ही पहिली भारतीय नर्स, अशी नोंद नर्सिंगच्या क्रमिक पुस्तकांत आहे. नावावरून ती मराठी मुलखातली वाटते. एवढ्या मोठ्या पावलाची पुस्तकात नोंद एका ओळीची.

आपल्या शेजारी मिरजेला अमेरिकन मिशनचे डॉ. वानलेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल उभारले आणि तिथे नर्सेसना शिकवणे सुरू झाले. मिशनच्या दवाखान्यांत शिकणाऱ्या मुली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांतल्या असत, आणि ख्रिस्ती झालेल्यांत आपल्यासारख्या वस्त्यांतून गेलेली कुटुंबे पुष्कळ होती. मिशनने त्या मुलींना आधी शाळेत घातले, म्हणून त्या पुढे नर्स होऊ शकल्या. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे : आधी शाळा, मग नर्सिंग.

१९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले. रमाबाई रानडे यांनी त्याची धुरा वाहिली. विधवा आणि गरजू स्त्रियांना नर्स व सुईण म्हणून तयार करण्याचे काम सेवासदनाने ससून हॉस्पिटलच्या मदतीने केले. पांढरपेशा घरातल्या विधवेने परक्याचे बाळंतपण करावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. लोकांनी नावे ठेवली, तरी त्या बाया टिकल्या. त्यांचे श्रेय नाकारायचे कारण नाही. पण एक गोष्ट दिसते. जे काम काल विटाळाचे होते, ते सर्टिफिकेट मिळाल्यावर सेवेचे आणि मानाचे झाले. आणि सर्टिफिकेट मिळवायला लिहिता-वाचता यावे लागत होते. ज्या बाया पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आल्या, त्यांच्या वाड्यावस्तीत शाळाच नव्हती. काम तेच राहिले, फक्त त्याला दार बसले, आणि दाराची किल्ली अक्षराची होती.

पुढे १९३५ साली मुंबई इलाख्यात नर्स, सुईण आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा झाला. कायदा चांगला होता, रोग्यांच्या हिताचा होता. पण वाड्यावरची सुईण आता सरकारी कागदावर 'अशिक्षित दाई' ठरली.

आपले कोल्हापूर

या बाबतीत कोल्हापूरचा इतिहास वेगळा आणि अभिमानाचा आहे. आज आपण ज्याला सी.पी.आर. म्हणतो, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, त्याचे जुने नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. डॉ. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयच हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा होता. त्यांना स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून नेमले ते आपल्या कोल्हापूर संस्थानाने, याच हॉस्पिटलात. दुर्दैवाने त्या परतल्या त्या क्षयाने खंगूनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात वारल्या. आमच्या दवाखान्यातली खुर्ची रिकामीच राहिली.

ही उणीव पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या काळात भरून निघाली. कोल्हापूरच्याच कृष्णाबाई केळवकर यांना डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी महाराजांनी मदत केली, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमले आणि पुढच्या शिक्षणासाठी विलायतेलाही पाठवले. कृष्णाबाईंच्या आई रखमाबाई केळवकर कोल्हापुरातल्या मुलींच्या शाळांच्या कारभारात होत्या. आई शिकलेली, म्हणून मुलगी डॉक्टर. पुन्हा तोच क्रम.

पण महाराजांचे आपल्यावरचे खरे उपकार दुसऱ्याच हुकमांत आहेत. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा ५० जागा राखल्या, हे आपण दर जयंतीला ऐकतो. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा कायदा केला. १९१९ च्या जानेवारीत त्यांनी आणखी हुकूम काढले. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्य रोग्यांना नोकरांनी इतरांप्रमाणेच माणुसकीने वागवावे, आणि ज्यांना हे जमणार नाही त्यांनी राजीनामे द्यावेत, असा त्यांचा आशय होता. विचार करा. तोपर्यंत आपला माणूस दवाखान्यात गेला तर त्याची नाडी बघायलासुद्धा काही जण कचरत. नर्स होण्याच्या आधी रोगी म्हणून तरी हात लागला पाहिजे ना! तो हात महाराजांनी हुकमाने लावायला लावला.

त्याच वर्षी सप्टेंबरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुले एका शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, माणगावची परिषद झाली. तिथे महाराजांनी आपल्याला आपला पुढारी दाखवून दिला. दवाखान्याचे दार आणि शाळेचे दार एकाच वर्षात उघडले, हा नुसता योगायोग नव्हे. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही, हे त्या राजाला कळले होते.

बाबासाहेब आणि बाळंतीण कामगार

मी गिरणीतला माणूस, म्हणून ही गोष्ट वगळू शकत नाही. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची भरपगारी रजा देण्याचे बिल आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याची बाजू लावून धरली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार एकट्या त्या बाईवर पडता कामा नये, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. बाळंतपण ही चार भिंतींआडची, बायकांपुरती बाब नसून सगळ्या समाजाची जबाबदारी आहे, हा विचार आपल्याकडे कायद्यात आणण्यात बाबासाहेबांचा असा वाटा आहे. त्यांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना लावून धरलेली दुसरी गोष्ट म्हणजे अस्पृश्य विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती. ती १९४४ साली सुरू झाली. आज आपली मुलगी नर्सिंग कॉलेजात शिकते ती त्याच शिष्यवृत्तीच्या पुढच्या रूपावर.

भोर समितीपासून तीस दिवसांच्या वर्गापर्यंत

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. त्यातले आकडे धक्कादायक होते. देशात सुमारे ४३ हजार माणसांमागे एक नर्स, आणि ६० हजारांमागे एक शिकलेली सुईण! १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभर अभ्यासक्रमात एकसूत्रीपणा यायला सुरुवात झाली. १९५० नंतर ए.एन.एम. हा नवा अभ्यासक्रम आला. कमी शिकलेल्या मुलीलाही दोन वर्षे शिकवून खेड्यात नर्स आणि सुईण अशा दोन्ही कामांसाठी तयार करायचे, असा त्यामागचा हेतू होता. सुरुवातीला सातवीपर्यंत शिकलेल्या मुलींना प्रवेश मिळे. पुढे अट दहावी झाली, आणि आता बारावी आहे. उंबरठा प्रत्येक पिढीत एकेक पायरी वर चढत गेला. आपण मागे राहिलो तर तो आपल्यासाठी थांबणार नाही.

१९७३ साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य सेवकांची योजना सुचवली. त्यानंतर ए.एन.एम.चे शिक्षण काही काळ दीड वर्षावर आले, आणि लसीकरण, कुटुंबनियोजन, नोंदवह्या यांचा भार वाढला. सपाटीवर साधारण ५ हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, आणि तिथे एक सिस्टर. तिच्यावर किती कामे लादली आहेत हे तिच्या पिशवीतल्या वह्यांवरून कळते.

आणि आपली सुईण? १९७७ नंतर सरकारने गावोगावच्या दायांना शिकवण्याची योजना चालवली. तीस दिवसांचे प्रशिक्षण, त्यापोटी ३०० रुपये भत्ता, शेवटी एक सर्टिफिकेट आणि बाळंतपणाच्या सामानाची पेटी. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काही न लावणे, ही पाच पथ्ये त्यांना शिकवली जात. योजना चांगली होती. तिने जीव वाचवले. पण चाळीस वर्षांच्या अनुभवाची किंमत ३०० रुपये आणि एक पेटी, यापुढे मात्र ती गेली नाही. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि दवाखान्यातल्या बाळंतपणाला अनुदान सुरू झाले. गावात आशा ताई नेमल्या गेल्या, पण त्यासाठी शिक्षणाची अट आठवीची होती. अंगठा लावणारी सुईण तिथेही बसली नाही.

दवाखान्यातले बाळंतपण वाईट असे मी म्हणत नाही. आकडे बोलतात. महाराष्ट्रात २००१-०३ च्या सुमाराला एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. हे फार मोठे यश आहे, आणि त्यात रात्री-बेरात्री जागणाऱ्या सिस्टरांचा मोठा वाटा आहे. माझे म्हणणे इतकेच की सुईणीची नात सिस्टर झाली असती तर तो हिशेब पुरा झाला असता. काही घरांत तो झालाही. पण पुष्कळ घरांत सुईणीची नात दवाखान्यात गेली ती आया म्हणून, किंवा कंत्राटावर झाडू मारायला. याचे कारण एकच : शाळा मध्येच सुटली.

रात्रपाळीचा प्रश्न

आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याच घरातले आहे. मुंबईच्या मोठमोठ्या दवाखान्यांत आपण केरळच्या सिस्टर बघितल्या. तिथल्या आईबापांनी कर्ज काढून पोरी शिकवल्या. त्या मुंबईला गेल्या, आखातात गेल्या, आणि त्यांच्या पगारावर भाऊ शिकले, घरे उभी राहिली. आपल्याकडे मात्र ऐकू येते, "रात्रीची ड्युटी असती, परक्या बाप्याला हात लावायचा, लगीन कसं व्हायचं?"

बांधवांनो, मी तीस वर्षे रात्रपाळी करतो. माझ्या रात्रपाळीबद्दल कोणी कधी शंका घेतली नाही. मग रोग्याच्या उशाशी जागणाऱ्या मुलीच्या रात्रपाळीबद्दल का घ्यावी? हा तोच जुना विटाळ आहे, फक्त त्याने कपडे बदललेत. २०२० साली कोरोनात सख्खे लोक जवळ येईनात, तेव्हा परक्यांना हात लावणाऱ्या याच पोरी होत्या. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. स्थळ बघताना त्या टाळ्या विसरू नका.

आजची वाट : तीन पायऱ्या

आता कामाचे बोलू. आज नर्स होण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली, ए.एन.एम. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. बारावी कोणत्याही शाखेची चालते. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात काम मिळते.

दुसरी, जी.एन.एम. आता तीन वर्षांचा डिप्लोमा. बारावीला किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषय हवा. शाखा कोणतीही चालते, पण विज्ञान असेल तर अभ्यास सोपा जातो. ए.एन.एम. झालेल्या मुलीलाही पुढे इथे येता येते.

तिसरी, बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षांची पदवी. त्यासाठी बारावी विज्ञान हवे, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी. खुल्या वर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जातीला ४० टक्के. राज्याची सीईटी द्यावी लागते. जी.एन.एम. झाल्यावर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक करूनही पदवी मिळते.

ज्यांना बाळंतपणाच्या कामातच पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली नवी दिशा दिली. जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. झालेल्या नर्सला अठरा महिन्यांचे खास प्रशिक्षण देऊन मिडवाइफ तयार करायची. म्हणजे सुईणीचे काम पुन्हा मानाने उभे राहते आहे, पण आता पदवीच्या जोरावर. २०२३ साली संसदेने नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदाही मंजूर केला. त्याच्या नावातच सुईणपण आले आहे!

आता सावधगिरी. आपल्या भागातल्या एका मुलीने एका खासगी वर्गात एक वर्षाचा 'नर्सिंग' कोर्स केला. बापाने सोसायटीचे कर्ज काढले. सर्टिफिकेट हातात आले, त्यावर गोल शिक्काही होता. पण नोंदणीच होईना. कारण सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या अशा कोर्सवर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. ती पोरगी आज एका दवाखान्यात मदतनीस आहे, काम नर्सचे आणि पगार आयाचा. आजीचेच नशीब नातीला आले.

म्हणून पैसे भरण्याआधी एवढे बघा. संस्था महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का? बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का? ए.एन.एम. किंवा जी.एन.एम. असेल तर राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची परीक्षा आहे का? प्रत्यक्ष शिकायला रुग्णालय आहे का, आणि त्यात रोगी असतात का? एकदा स्वतः जाऊन या. पत्रकावरच्या फोटोला भुलू नका.

जातीचा दाखला, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला मुलगी अकरावीत असतानाच काढायला लागा. निकाल लागल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. १९९० साली घटनेच्या अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आहेत. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना आहे. कागद नाही म्हणून पोरगी घरी बसली असे आपल्या वस्तीत आता होता कामा नये.

आणि यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट दहावीनंतरच ठरते. मुलीला विज्ञान आणि इंग्रजी झेपणार नाही असे आधीच ठरवून टाकू नका. पूर्वी किल्ली अक्षराची होती, आज ती विज्ञानाची आणि इंग्रजीची आहे. आपल्या विहाराचा हॉल संध्याकाळी मोकळा असतो. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून तीन दिवस तिथे अकरावी-बारावीचे जीवशास्त्र आणि इंग्रजी शिकवले तर त्याच्यासाठी वेगळी वर्गणी लागणार नाही. ज्या सिस्टर आपल्या वस्तीत आहेत त्यांनी वर्षातून एकदा येऊन मुलींशी बोलावे. मंडळाने हे मनावर घ्यावे, अशी माझी जाहीर विनंती आहे.

शेवटी एक गोष्ट. विनयपिटकात प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. जो आजाऱ्याची सेवा करील तो माझीच सेवा करील, असे त्यांनी संघाला बजावले. चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुणही तिथे सांगितले आहेत. औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-वांतीची किळस न धरणे, आणि रोग्याला धीर देता येणे. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेले हे पाच गुण आजही कोणत्याही नर्सिंग शाळेच्या भिंतीवर शोभतील. त्यातला किळस न धरण्याचा गुण आपल्या आज्यांकडे होता, आणि त्याच गुणासाठी समाजाने त्यांना बाहेर ठेवले. पहिले दोन गुण शिक्षणाने मिळतात. ते आपल्या लेकींना मिळवून देणे एवढेच आपल्या हातात आहे, आणि ते आपण केले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!